व्हॉल्व्हचा आवाज: सभेच्या भोंग्यापासून गिटारच्या अँपपर्यंत

आजच्या विषयाचं नाव वाचून काही जण दचकले असतील. वर्ध्यात व्याख्यान म्हटलं की गांधीजी, विनोबा, जमनालालजी, नई तालीम असं काहीतरी अपेक्षित असतं. आणि आज फलकावर लिहिलंय गिटारचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर. पण थोडा धीर धरा. गांधीजी येणार आहेत, आणि त्यांना ओढूनताणून आणावं लागणार नाही.

प्रश्न साधा आहे. काचेच्या नळ्यांचा, उचलताना कंबर धरणारा, अर्ध्या तासात शेगडीसारखा तापणारा अँप आजच्या गिटारवाल्या मुलांना का हवा असतो? व्हॉल्व्हचा रेडिओ आपण कधीच भंगारात दिला, टीव्हीही दिला. मग गिटारलाच काय चिकटलंय? दुसरा प्रश्न त्याला जोडून येतो. पैसे एकदाच खर्च करायचे आहेत, अँप एकच घ्यायचा आहे, तर तो असा कसा निवडावा की भजनापासून ब्लूजपर्यंत सगळं त्यावर वाजेल? दुकानदार याचं उत्तर वॅटमध्ये देतो. मी ते जरा लांबून, आपल्या गावाजवळून सुरुवात करून देणार आहे.

डिसेंबर १९२०. नागपूरचं काँग्रेस अधिवेशन. स्वागताध्यक्ष आपले जमनालाल बजाज. १४ हजारांवर प्रतिनिधी, बाहेरची गर्दी वेगळीच. असहकाराचा ठराव पक्का झाला तो इथे. आता विचार करा, एवढ्या माणसांपुढे बोलायचं कसं? गांधीजींचा आवाज मुळात बारीक, संथ. त्या काळातल्या सभांना लोक दर्शनाला येत, असं म्हणतात ते उगीच नाही. पुढच्या काही रांगा ऐकत, मागचे पाहत, आणि काय बोलले ते एकमेकांना विचारत घरी जात. ज्याचा गळा मोठा तो पुढारी मोठा, हा तेव्हाचा हिशेब होता. लोकशाहीला गळ्याची अट होती म्हणा ना.

आणि तोवर अमेरिकेत ही अट सुटली होती. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने काचेच्या नळीत एक तिसरी तार बसवली. ती नळी कशी चालते ते दोन वाक्यांत सांगतो. आत एक तापलेला कॅथोड, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या प्लेटकडे जातात. मध्ये एक जाळी. जाळीवरचा दाब किंचित बदलला की तो सगळा प्रवाह कमी-जास्त होतो. कालव्याच्या दरवाजासारखं आहे. दरवाजा एका माणसाच्या हाताने फिरतो, पण वाहतं ते धरणाचं पाणी. माईकमधून आलेला चिमूटभर आवाज जाळीवर टाकायचा, आणि प्लेटवरून तो पसाभर घ्यायचा. १९१९ मध्ये सॅन डिएगोत राष्ट्राध्यक्ष विल्सन काचेच्या केबिनमधून हजारो लोकांशी अशाच यंत्रातून बोलले.

आपल्याकडे हे यंत्र सभेत आणणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव शिकागो रेडिओचं. नाव शिकागो असलं तरी घर सिंधी. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सिंधमध्ये धंदा सुरू केला, पुढे तो मुंबईत आला. त्यांचे चिरंजीव नानिक मोटवाने यांनी १९३० च्या दशकापासून काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवले. गांधीजींचे, नेहरूंचे जुने फोटो काढून बघा. माईकवर 'शिकागो' अशी पट्टी दिसते. त्या काळातली ती जाहिरातच होती, आणि स्वातंत्र्याच्या इतिहासात ती फुकटात छापली गेली.

गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेरीस शेगावात राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम. वर्ध्याहून शेगावला धड रस्ता नव्हता, विजेची गोष्टच सोडा. अशा खेड्यांत सभा व्हायची तर यंत्र मोटारीच्या बॅटरीवर चालवावं लागे. बॅटरीचे थोडे व्होल्ट आधी दोन-अडीचशेपर्यंत चढवायचे, मग व्हॉल्व्ह चालणार. बॅटरी उतरली की सभा उतरली.

इथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. गांधीजी यंत्राच्या विरोधात होते असं आपण सरसकट म्हणतो. पण मगनवाडीत ग्रामोद्योगाचे प्रयोग करणारा, शिलाई यंत्राचं कौतुक करणारा हा माणूस ध्वनिक्षेपकासमोर अगदी सहज बसला. रेडिओच्या स्टुडिओत मात्र ते आयुष्यात एकदाच गेले, १२ नोव्हेंबर १९४७ ला दिल्लीत, कुरुक्षेत्राच्या निर्वासितांशी बोलायला. समोर माणसं बसलेली असावीत आणि शेवटच्या माणसालाही ऐकू यावं, एवढ्यापुरतं यंत्र त्यांना चालत असावं. हे माझं अनुमान.

१९४२ चं सांगितल्याशिवाय वर्ध्यात पुढे जाता येत नाही. १४ जुलैला इथे कार्यकारिणीने ठराव केला, ८ ऑगस्टला तो मुंबईत गवालिया टँकवर मंजूर झाला. पुढारी तुरुंगात गेले. १६ ऑगस्टला आपल्या जिल्ह्यातलं आष्टी पेटलं. आणि २७ ऑगस्टला मुंबईत एक गुप्त रेडिओ सुरू झाला, उषा मेहता आणि त्यांच्या मित्रांचा. नोव्हेंबरच्या १२ तारखेला तो पकडला गेला. त्या खटल्यात नानिक मोटवानेही आरोपी होते. आरोप हा की त्यांनी सामान आणि तंत्रज्ञ पुरवले. ते सुटले. उषाबेनना चार वर्षं झाली. बाजारात साधं दिसणारं सामान होतं ते, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, माईक. पण त्यासाठी माणसं तुरुंगात जात होती, हे विसरू नका.

आता या सगळ्यातून माझ्या विषयाला लागणारी एकच गोष्ट उचलतो. सभेच्या अँपचं काम एकच, आवाज मोठा करायचा पण बदलू द्यायचा नाही. वक्ता 'करा' म्हणाला तर मागच्याला 'मरा' ऐकू येता कामा नये. इंजिनिअरांची सगळी बुद्धी त्यात गेली. १९२७ मध्ये बेल लॅबच्या हॅरॉल्ड ब्लॅकने युक्ती काढली की बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून परत आत द्यायचा. म्हणजे यंत्राने केलेली चूक यंत्रच दुरुस्त करतं. मराठीत त्याला ऋण प्रत्याभरण म्हणतात, असा शब्द आहे खरा, पण कारागीर 'फीडबॅक'च म्हणतात. या जिल्ह्यातल्या एका जुन्या माईक सर्व्हिसवाल्या काकाजींना मी एकदा विचारलं होतं, चांगला सेट कोणता? ते म्हणाले, "भाऊ, आवाज साफ पायजे. बाकी काई नाई." संपूर्ण शास्त्र त्यांनी चार शब्दांत सांगितलं.

हाच सेट मग सगळ्याला चालायचा. सकाळी सभा, रात्री भजन, मध्ये कुणाचं लग्न. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीभोवती हजारोंची गर्दी जमायची. १९३६ मध्येच ते महिनाभर गांधीजींकडे येऊन राहिले होते. गर्दीच्या भजनाला आणि गर्दीच्या सभेला यंत्राकडून हवं असतं ते एकच. पुढे वीज आली, दिल्लीच्या अहुजासारख्या कंपन्यांचे सेट तालुक्याच्या गावी पोहोचले. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह देशातच बनू लागले. 'बहुगुणी अँप' हा शब्द आजच्या जाहिरातीतला. आपल्याकडे मात्र अँप बहुगुणी असायचा तो गरजेने. गावात एकच होता.

आता गिटारकडे येऊ.

गिटारची अडचण गांधीजींच्या आवाजासारखीच होती, बारीक. १९२०-३० च्या दशकात मोठ्या बँडमध्ये तिचं काही ऐकूच येत नसे. म्हणून तारांखाली चुंबक आणि वेटोळं बसवलं, आणि ते व्हॉल्व्हच्या अँपला जोडलं. बाजारात सगळ्यात आधी यशस्वी झालेली विजेची गिटार म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, लोखंडी दांडी सरकवत वाजवायची हवाईयन गिटार, रिकनबॅकरची, १९३२ च्या आसपासची. हिंदुस्थानातही वीज आधी तिलाच लागली. व्हॅन शिपले, हजारा सिंग यांच्या रेकॉर्डी घराघरांत होत्या. त्यात आश्चर्य नाही, कारण सरकत्या दांडीने मींड निघते आणि मींड म्हणजे आपला जीव. पण मींड टिकायला स्वर टिकला पाहिजे, आणि तारेचा स्वर छेडल्यावर विरतो. अँप त्याला धरून ठेवतो. इथवर सगळे साफ आवाजाच्याच बाजूचे होते. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चनने बेनी गुडमनच्या जॅझ बँडमध्ये विजेची गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने उभी केली, तीही साफच.

मग बिघाड झाला. आणि इथून इतिहास खरा रंगतो.

छोटा अँप, मोठी खोली, वाजवणारा तरुण. त्याने बटण शेवटपर्यंत फिरवलं. व्हॉल्व्हला जेवढं देता येतं त्यापेक्षा जास्त मागितलं की लहरीची टोकं चेपली जातात. ट्रान्झिस्टरमध्ये ती सुरीने कापल्यासारखी चेपतात. व्हॉल्व्हमध्ये, विशेषतः दुरुस्तीचा फीडबॅक कमी असेल तर, ती हळूहळू गोल होत जातात. १९५१ ते १९६४ या काळात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हे पुनःपुन्हा घडलं. कुणाचा स्पीकर प्रवासात फाटला, तर किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने तो मुद्दाम ब्लेडने फाडला. ज्या दोषाशी ब्लॅकसाहेब झगडले, तो दोष पोरांना आवडला. व्हॉक्सचा एसी३० १९५९ चा. त्याच्या शेवटच्या टप्प्यात तो दुरुस्तीचा फीडबॅक ठेवलेलाच नाही. लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये फेंडरच्या बासमन अँपची नक्कल झाली. नक्कल करताना इंग्लंडमध्ये मिळतील ते व्हॉल्व्ह नि ट्रान्सफॉर्मर घातले, आणि निघाला वेगळाच आवाज. बासमन बनला होता बास गिटारसाठी. रॉकच्या आवाजाची वंशावळ ही अशी चुकत-माकत आलेली आहे.

पण तो बिघाड कानाला गोड का लागावा? याचं उत्तर द्यायला अमेरिकेला जायची गरज नाही, मिरजेला जाऊ. तंबोऱ्याची जवारी तुम्ही ऐकली आहे. घोडीचा माथा विशिष्ट उतारावर घासतात, तारेखाली सुताचा धागा सरकवतात. कशासाठी? तार घोडीला हलकेच घासावी, तिचा साधा स्वर थोडा 'बिघडावा', आणि त्यातून वरचे स्वरांश उमलावेत म्हणून. मूळ तार सा असेल तर दुपटीचा स्वरांश वरचा सा, तिपटीचा त्याच्याही वरचा पंचम, पाचपटीचा गंधार. तंबोरा षड्ज-पंचमात लावलेला असतो आणि आपल्याला गंधार ऐकू येतो, तो तिथूनच येतो. व्हॉल्व्ह दमला की नेमकं हेच करतो. लहर गोल होते, म्हणजे तिच्यात हे वरचे स्वरांश भरतात. साफ तार ही जवारी बंद केलेल्या तंबोऱ्यासारखी, आणि थोडा चढवलेला अँप म्हणजे जवारी उघडलेला तंबोरा. ज्या संगीताने हा 'दोष' शेकडो वर्षं कारागिराला पैसे देऊन करवून घेतला, त्याच्या श्रोत्यांनी विकृत आवाज म्हणून नाक मुरडावं हे मला जरा विनोदी वाटतं.

फरक एवढाच की एका वेळी अनेक स्वर दिले तर या जवारीचा चिखल होतो, कारण स्वरांचे स्वरांश एकमेकांत भांडतात. सा-पा एकत्र चालतात, कोमल-तीव्र गर्दी चालत नाही. म्हणून रॉकवाले दोन स्वरांचे कॉर्ड वाजवतात. आणि म्हणूनच एकेरी सुरावट वाजवणाऱ्याला, म्हणजे आपल्या पद्धतीने वाजवणाऱ्याला, हा अँप फार देतो.

मग आपल्याकडे काय झालं? आयातीवर बंधनं होती. १९६०-७० च्या दशकात व्हॉक्स किंवा फेंडर हे मुंबईच्या स्टुडिओत, मोठ्या हॉटेलच्या बँडकडे, एखाद्या नशीबवान माणसाकडे. बाकीच्यांनी गिटार कशाला जोडली? सभेच्या सेटला, नाहीतर घरच्या रेडिओला. आणि ते जमलं, याला कारण आहे. जुन्या सेटचे माईक बहुधा क्रिस्टलचे असत, त्यांना आत शिरताना फार मोठा रोध लागतो. गिटारच्या पिकअपलाही तेच लागतं. म्हणजे गांधीजींच्या माईकसाठी ठेवलेलं भोक गिटारला नेमकं बसलं. पुढे ट्रान्झिस्टरचे सेट आणि कमी रोधाचे माईक आले, तेव्हा तीच गिटार त्यात घातली तर आवाज घोंगडीखाली दाबल्यासारखा येऊ लागला.

मुंबई-कोकणातला बेंजो हा तर आपला खरा देशी पुरावा. जपानी तैशोगोतो, त्याचं इथलं रूप बुलबुलतरंग, त्याला पिकअप, पिकअपची वायर सेटला, सेट भोंग्याला, आणि बटण पार शेवटपर्यंत. गणपतीच्या मिरवणुकीत भोंग्यातून फाटत येणारा तो एकेरी सूर आठवा. इलेक्ट्रिक गिटारवर लिहिणाऱ्यांनी त्याची दखल घेतलेली मला फारशी दिसली नाही. पण चढवलेल्या सेटवर एकेरी तार वाजवून रस्ता नाचवणं, हे आपण करत होतोच.

बरं, आता अँप घ्यायचा आहे त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट, वॅटला भुलू नका. शंभर वॅट हे दहा वॅटच्या दहापट ऐकू येत नाहीत, साधारण दुप्पट येतात. पंधरा वॅटचा व्हॉल्व्ह अँप शाळेचं सभागृह भरतो. शंभर वॅटचा घेतलात तर त्याची जवारी उघडेपर्यंत शेजारी पोलिसांत गेलेला असेल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि व्हॉल्व्ह अँप ती सहज ओलांडतो. घरासाठी पाच वॅटसुद्धा पुष्कळ.

दुसरी गोष्ट, इतिहासातल्या दोन्ही बाजू अँपमध्ये आहेत का ते बघा. बहुगुणी म्हणजे वीस बटणं नव्हेत. सभेचा साफ आवाज आणि दमलेल्या व्हॉल्व्हची जवारी, या दोन टोकांमध्ये तुम्हाला हाताने ये-जा करता आली पाहिजे. यासाठी दोन मार्ग निघाले. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात रँडल स्मिथने बूगी अँपमध्ये व्हॉल्व्हचे टप्पे एकापुढे एक लावले, म्हणजे कमी आवाजातही सूर दमवता येतो. शेवटी एक मास्टर बटण. पुढे पायाने साफ-दमलेला बदलण्याची सोय आली. दुसरा मार्ग जुना. अँप एकाच जागी लावायचा, साफ आणि दमलेला यांच्या उंबरठ्यावर, आणि बाकी सगळं बोटांनी आणि गिटारच्या बटणाने करायचं. हलकं छेडा, सभा. जोरात छेडा, मिरवणूक. माझा कौल दुसऱ्याला आहे. दुकानात जाल तेव्हा हीच परीक्षा घ्या. अँप थोडा चढवा, गिटारचं बटण दहावरून चारवर आणा. आवाज नुसता लहान झाला तर तो अँप सोडा. स्वच्छ झाला, काचेसारखा, तर थांबा आणि अर्धा तास वाजवा. आणि दुकानदाराला वाजवू देऊ नका, तो वाजवतो तेव्हा सगळेच चांगले वाटतात.

व्हॉल्व्हच्या जाती थोडक्यात. ईएल८४ लवकर दमतो, वरचा सूर चमकतो, एसी३० मध्ये तोच. ६एल६ उशिरापर्यंत साफ राहतो, भजनाला किंवा जॅझला तो बरा. ईएल३४ मधल्या पट्टीत भरतो. पुढच्या टप्प्यात बहुधा ईसीसी८३ असतो. आज हे रशिया, चीन आणि स्लोव्हाकियात बनतात, मागवता येतात. दुरुस्तीला कोण आहे हे मात्र आधी शोधा. नागपुरात जुन्या रेडिओचा कारागीर सापडला तर त्याला धरून ठेवा.

काही प्रश्न चिठ्ठ्यांवर आलेत, ते घेतो.

"वर्ध्याच्या उन्हाळ्यात अँप टिकेल का?" मे महिन्यात ४५ अंश असतात, खरं आहे. व्हॉल्व्हला त्याचं काही नाही, त्याची काच त्याहून किती तरी जास्त तापते. त्रास होतो तो आतल्या कपॅसिटरना आणि ट्रान्सफॉर्मरला. भिंतीपासून हातभर पुढे ठेवा, मागून हवा जाऊ द्या. वीज वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावाच. आणि भावाने अमेरिकेतून अँप आणला असेल तर तो १२० व्होल्टचा आहे हे प्लग लावण्याआधी आठवा.

"आजोबांच्या माईक सर्व्हिसचा जुना व्हॉल्व्ह सेट पडून आहे, भंगारवाला तांब्याच्या भावाने मागतो. द्यावा का?" देऊ नका. त्यातला ट्रान्सफॉर्मर आज तसा बनवून घ्यायला बराच खर्च येतो. गिटारसाठी तो चालू करता येतो. पण स्वतः उघडू नका. आत चारशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतात. कारागिराकडून कपॅसिटर बदलून घ्या, तीन तारांची अर्थिंगची वायर लावून घ्या. मागे १०० व्होल्ट लिहिलेलं टर्मिनल असेल, ते लांबच्या भोंग्यांसाठी असतं. गिटारचा स्पीकर तिथे लावायचा नाही, ८ किंवा १६ ओहम लिहिलेल्या जागी लावायचा. स्पीकर जोडल्याशिवाय सेट चालू करायचा नाही. आणि तुमच्या आजोबांचा त्यावरचा माईक शिल्लक असेल तर तोही आणा, पट्टीवर काय नाव आहे ते मला बघायचंय.